ऐकणारे बसलेले, पाजणारे उभे

मु. वाडी, पोस्ट बोरी, ता. जिंतूर
आषाढ, सन १९५७

मुंजाजीस भिवराबाईचं सांगणं की तुझं कारड पोचलं. पोस्टमननं ते आधी आपणच वाचलं, मग मला दिलं, अन् वर विचारतोय, "नातू अमेरिकेला निघाला काय, भिवरामाय?" मी म्हणलं, वाचलंस नव्हं, मग मला कामून विचारतूस.

तर हे अमेरिकेचं काय काढलंस? तुझा बाप मेला तवा तू कमरेएवढा होतास. तुझा चुलता ग्यानबा म्हणला, मेंढरामागं लावा. मी म्हणलं, ह्याचं टकुरं चालतंय, ह्याला शाळेत घाला. परभणीत उर्दू शिकलास, हैदराबादेत इंग्रजी शिकलास, तिथंच प्रोफेसर झालास. गेल्या साली सरकारनं निजामाच्या मुलखाचे तीन वाटे केले, त्यात तू आमच्या वाट्याला आलास अन् औरंगाबादेत बसलास. बरं वाटलं. आता म्हणतूस, अमेरिकेतल्या कविता शिकायला दोन वर्सं समुद्रापल्याड जायचं.

कविता म्हंजे ओव्याच नव्हं? तुझा आजा मल्हारी ओव्या म्हणायचा. चार गावची माणसं माना डोलवायची. तो ओवी हाकायचा अन् मी मेंढरं हाकायचे. त्याच्या ओवीपायी लांडग्यानं किती नेली ते त्याला कवा ठावं नव्हतं, मला ठावं हाय. इथं लोकं विचारतेत, नातू काय शिकवतो? मी सांगते, कायदा शिकवतो. कविता म्हणलं तर हासतील.

बाकी खुशाल. धनगरवाड्यावर वाचता येणारी मी एकलीच उरलेय. रझाकाराच्या साली आपण मेंढरं घेऊन वऱ्हाडात उतरलो, तुझी शाळा बंद, तवा तू कोळशानं दगडावर अक्षरं काढून मला शिकवलीस. त्याचा आता सगळ्यांना उपेग व्हायलाय. बायका लेकीबाळींचे कागद घेऊन येतेत. मी वाचते, त्या ऐकतेत, कागद पुन्हा पदरात. गड्यांना काय समजत न्हाई अन् समजू बी नये.

अमेरिकेचं नीट कळव. तिथं जेवायला काय देतेत ते बी कळव.

भिवराबाई


औरंगाबाद
४ ऑगस्ट १९५७

आजीला मुंजाजीचा दंडवत.

तुझं पत्र वाचून हसलो. मी कायदा शिकवत नाही, इंग्रजी शिकवतो. कुणी विचारलं तर तेच सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अमेरिकेतली कविता म्हणजे राजाराण्यांची नव्हे. गोठा, रेल्वे, बर्फ, मक्याचं रान, शेजारच्या माणसाचं मरण, असल्या गोष्टींवर ते लोक लिहितात. आपल्या कॉलेजांत ती कुणी शिकवत नाही, इकडे सगळा कारभार विलायतेच्या कवींचा. ती शिकवणारा मी या भागातला पहिला व्हावं, एवढीच इच्छा आहे. त्या कवितेची एक खुबी मी मुलांना नेहमी सांगतो. खरी गोष्ट ती अगदी शेवटी ठेवते. वाचणाऱ्याला तिथवर चालवत नेते आणि मग एका ओळीत उजेड पाडते. आजोबाही देवाचं नाव शेवटीच घ्यायचे ना?

शिष्यवृत्तीचा अर्ज मुंबईला गेला आहे. चैत्रापर्यंत निकाल लागेल. तोवर माझ्या नोकरीच्या कागदावर एकही वाईट शेरा पडता कामा नये, कारण सरकारची मंजुरी त्याच कागदावर मिळायची.

मध्ये एक भलतंच काम गळ्यात पडलं आहे. जनावरांच्या खात्याची पत्रकं पूर्वी उर्दूत निघत. आता ती मुंबईहून इंग्रजीत येतात आणि शेतकऱ्यांसाठी मराठीत करायची असतात. मराठी माणूस, इंग्रजी येतं, शिवाय धनगराच्या घरचा. म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझंच नाव दिलं. दर रविवार त्यात जातो. मन लागत नाही, पण करतो. पहिलं पत्रक मेंढ्यांच्या जंतांच्या औषधाचं आहे. पोळ्यानंतर तुमच्याकडेही येईल. खाली माझं नाव छापलेलं असेल.

मुंजाजी


मु. वाडी, पोस्ट बोरी
भाद्रपद, सन १९५७

मुंजाजीस सांगणं की आता तू कामाचं बोललास. मेंढीला औषध कसं पाजावं ते लिहिणं, ह्याला मी शिकल्याचं सार्थक म्हणते. कवितेचं आधीचं कारड मी कोनाड्यात टाकलं, अन् औषधाचं सगळ्या वाड्याला वाचून दावलं. ग्यानबा पहिल्यांदा तुझ्याबद्दल बरं बोलला. म्हणला, "शेवटी मेंढरावरच आला ना."

कागद आला की मीच वाचणार. ग्रामसेवकाला म्हणून ठेवलंय, तू तोंड उघडायचं न्हाई, आमच्या पोराचं लिवलेलं हाय.

पाऊस बरा हाय. मेंढ्यांना गवत लय झालंय, त्यानंच जंत झालेत.

भिवराबाई


मु. वाडी, पोस्ट बोरी
मार्गशीर्ष, सन १९५७

मुंजाजीस सांगणं की कागद आला, औषध आलं अन् वाटोळं झालं.

झालं ते जसंच्या तसं सांगते. ग्रामसेवक पोळ्याचा म्हणला अन् दिवाळी मागं पडल्यावर उगवला. कागद अन् पूड देऊन गेला. दुसऱ्या रोजी दिवस कासराभर वर आला, ऊन लख्ख पडलं, तवा मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी मी दगडावर बसले. पाजायला ग्यानबा अन् त्याचा पोरगा येडबा. मी वाचलं, पूड पाण्यात विरघळवावी. ग्यानबानं विरघळवली. मी वाचलं, मेंढी दोन्ही गुडघ्यांत धरून मान वर करावी. येडबानं धरली. मी वाचलं, नळीने औषध हळूहळू घशात सोडावे. सोडलं. मी वाचलं, याप्रमाणे कळपातील मेंढ्यांस क्रमाने पाजावे. पाजलं. भाकरीची वेळ होईस्तवर समदा वाडा पाजून झाला.

मग ते हात धुवायला गेले अन् मी खालचं वाचायला घेतलं. त्यात तू जंत कसे झडतेत ते लिवलंस, लोकर कशी चकाकती ते लिवलंस, मेंढपाळाचं भाग्य कसं उजळतं ते लिवलंस. अन् पार बुडाला लिवलंस, मात्र गाभण मेंढ्यांस हे औषध कदापि देऊ नये.

मी ते मोठ्यानं वाचलं. ह्या दिवसांत अर्धा वाडा गाभण असतो, हे तुला ठावं न्हाई असं न्हाई.

तिसऱ्या रोजापासून मेंढ्या गाबडायला लागल्या. कोकरं अंगावर केस न आलेली. ग्यानबा खड्डे खांदून खांदून थकला. चार मेंढ्या बी गेल्या.

आता तो म्हणायलाय, कागद सरकारचा हाय, लिवणारा प्रोफेसर हाय, म्हंजे कागद बरोबर हाय. म्हातारीनंच खालचं वर अन् वरचं खाली वाचलं. सगळा वाडा त्याचीच री ओढायलाय. मी म्हणलं, मी अक्षर बी सोडलं न्हाई. म्हणतेत, तुला काय कळतंय, दगडावर शिकलेली.

तवा तू लिव. कागद चुकला का मी चुकले? तुझ्या हातचं आलं की मी त्यांच्या तोंडावर वाचून दाविन.

भिवराबाई


औरंगाबाद
२९ डिसेंबर १९५७

आजीला दंडवत.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. काकांचं नुकसान कसं भरून येईल ते खात्याला विचारतो.

पण आजी, पत्रकात चूक नाही. मी ते पुन्हा काढून पाहिलं. गाभण मेंढ्यांची सूचना छापलेली आहे, स्वच्छ मोठ्या अक्षरांत आहे. कुठलाही कागद आधी पूर्ण वाचायचा आणि मग हात घालायचा, ही साधी रीत आहे. तुम्ही तसं केलं असतंत तर हे घडलं नसतं.

आता नीट ऐक. आणखी दोन गावांहूनही तक्रार आली आहे, म्हणून जनावरांचे डॉक्टर चौकशीला निघाले आहेत. तुझ्याकडे येतील, जबाब घेतील. तू एवढंच सांग की उजेड कमी होता, शेवटची ओळ दिसली नाही. त्यांनाही तेवढंच हवं आहे. तुझं वय झालं आहे, तुला कोण काय करणार? माझ्या कागदावर मात्र एक शेरा पडला की अमेरिका गेली. पुन्हा अशी संधी येत नसते.

मी तुला खोटं बोलायला सांगतो आहे असं समजू नकोस. तुझी नजर कमी झालीच असेल.

मुंजाजी


मु. वाडी, पोस्ट बोरी
पौष, सन १९५८

मुंजाजीस सांगणं की तुझं पत्र मी कुणाला वाचून दावलं न्हाई. ग्यानबानं विचारलं, मुंजा काय म्हणतो? मी म्हणलं, खुशाल हाय.

तुला कोण काय करणार, असं लिवलंस. तर काय करायलेत ते ऐक. कस्तुराबाईची लेक चुडाव्याला दिलीय. तिचा कागद आला. आजवर तिचे कागद माझ्याकडं यायचे. आता तिला सगळ्यांनी सांगितलं, भिवरी उलटं वाचती. ती गेली बोरीला, दुकानदाराकडं. त्यानं दुकानात चार माणसं बसलेली असताना मोठ्यानं वाचलं. पोरीनं मायला लिवलं होतं की मला इथं नांदायचं न्हाई. दिवस मावळायच्या आत तिच्या बापाला समजलं. तो काठी घेऊन रेल्वेत बसला अन् चुडाव्याला जाऊन सासरच्यांदेखत पोरीला मारून आला. माझ्याकडं कागद आला असता तर माय अन् लेक दोघींतच राहिलं असतं, अन् पुढचं त्यांनी त्यांचं बघितलं असतं. हे मला करायलेत. माझ्या हातचा वाचायचा मान गेला, तो काय मला मिरवायला पाहिजे होता असं न्हाई. माझ्या मागं बायकांना दुसरं कुणी न्हाई.

आता तुझ्या रितीचं. आधी अख्खं वाचायचं अन् मग हात घालायचा, हे तुला कुणी शिकवलं? कॉलेजात. तिथं वाचणारा बसलेला असतो, त्याला मागं-म्होरं बघायला फुरसत असती. तू लिवलं होतंस की मोठी गोष्ट शेवटाला ठेवायची अन् माणसाला तिथवर चालवत न्यायचं. तुझा आजा बी तसंच करायचा, खरं हाय. पण ओवी ऐकणारे बसलेले असतेत. औषध पाजणारे उभे असतेत, गुडघ्यात मेंढी धरून. ते ओळीसरशी हात चालवतेत. त्यांना तू शेवटापर्यंत धरून ठिवलंस, अन् शेवटाला सांगितलंस की झालं ते करायचं नव्हतं.

नजरेचं म्हणशील तर तुझ्या पत्रातली बारीक अक्षरं मी सांजेला वाचायलेय. चांगली दिसायलेत.

डाक्टर आला की काय बोलायचं ते मी बघते.

भिवराबाई


मु. वाडी, पोस्ट बोरी
माघ, सन १९५८

मुंजाजीस सांगणं की डाक्टर येऊन गेला. संगं कारकून. बाजेवर बसवलं, चहा दिला, पेला सोडून बशीतून प्याला.

म्हणला, "आजी, वाचता येतं का?" मी म्हणलं, तुमच्या कारकुनानं वर काय लिवलंय ते वाचून दावू? त्यानं लिवलं होतं, अशिक्षित वृद्ध स्त्री. ते मी वाचलं. कारकून खाली बघायला लागला.

मग विचारतो, "त्या वेळी उजेड होता का?" हा सवाल त्याला कुणी शिकवला ते मला समजलं. वाड्यावरची सगळी माणसं उभी होती. मी म्हणलं, उजेड होता. जसं लिवलं तसं वाचलं, जसं वाचलं तसं ह्यांनी केलं. नको म्हणायचं होतं तर आधी म्हणायचं.

त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. कारकुनानं अंगठ्याला शाई म्होरं केली. मी टाक मागितला अन् नाव लिवलं.

ग्यानबा म्हणला, पोराच्या पोटावर पाय दिलास. म्हंजे माझं वाचणं बी खोटं अन् खरं बोलणं बी खोटं. वाड्यावरचं कुणी अजून माझ्याकडं कागद आणत न्हाई. त्यांच्या मते मी आधी मेंढरं मारली अन् मग नातू मारला.

तुझी अमेरिका गेली तर माझ्यापायी गेली असं धर. राग आला तर इथं ये अन् भांड. कागदावर भांडू नको.

भिवराबाई


औरंगाबाद
३० मार्च १९५८

आजीला दंडवत.

तीन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं मनात काही नव्हतं, राग सोडून. शेरा पडला. शिष्यवृत्ती दुसऱ्याला मिळाली, परवा समजलं. मी तुला दोष देत नाही असं लिहायला बसलो होतो, पण ते खरं होणार नाही. महिनाभर देत होतो.

चौकशीत मला तुझा जबाब वाचायला दिला. नको म्हणायचं होतं तर आधी म्हणायचं. साहेबांनी इंग्रजी पत्रक आणि माझं मराठी पत्रक शेजारी शेजारी ठेवलं. तुला मी एक गोष्ट लिहिली नव्हती. इंग्रजीत ती सूचना सर्वांत वर होती. मीच ती उचलून खाली नेली. कोरडा सरकारी कागद, वाचणाऱ्याच्या मनात ठसावा, म्हणून मी त्याला जरा घाट दिला. सूचना शेवटी अधिक उठून दिसत होती. तसं करताना मला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे. त्या पत्रकात मला आवडलेली तेवढीच एक गोष्ट होती.

खोलीवर येऊन मी ते उभ्यानं, मोठ्यानं वाचलं. चौथ्या वाक्याला सगळा वाडा पाजून झाला होता.

पत्रकांचं काम काढून घेतील असं वाटलं होतं. घेतलं नाही. कदाचित दुसरं कुणी मिळत नसेल. नवं पत्रक लिहून सोबत पाठवतो आहे. छापण्याआधी तू वाड्यावर वाचून दाखव आणि कुठे अडतं ते कळव.

मुंजाजी


मु. वाडी, पोस्ट बोरी
चैत्र, सन १९५८

मुंजाजीस सांगणं की कागद माघारी पाठवायलेय. मी वाचणार न्हाई. माझं वाचलेलं इथं कोण ऐकतंय?

जेठात मेंढरांची कातरण हाय, सगळे जमतेत. तू ये अन् वाड्यात उभं राहून तूच वाच. अन् इंग्रजीत वर होतं अन् तू खाली नेलंस, हे मला लिवलंस तसं त्यांना बी सांग. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी आपल्यावरचं नातवावर ढकलायली.

येताना पांढरी विजार घालू नको, घाण होती.

भिवराबाई


मु. वाडी, पोस्ट बोरी
आषाढ, सन १९५८

मुंजाजीस सांगणं की तू गेल्यावर इथं काय झालं ते कळावं म्हणून लिवायलेय.

तू वाड्यात उभा राहिलास, ते बरं दिसलं. विजार पांढरीच घातलीस, ते तुझं तू बघ. पहिलीच ओळ वाचलीस, गाभण मेंढ्या आधी बाजूला काढाव्या, काढल्याशिवाय पुढे वाचू नये. अन् थांबलास. येडबा खरंच मेंढ्या काढायला निघाला. तुझ्या पाठीशी उभा ग्यानबा म्हणला, "असं असतंय होय." पुढं त्यानं विचारलं, मग मागल्या वेळी कुणाचं चुकलं? तू म्हणलास, माझं. आजीनं बरोबर वाचलं. तुझा आवाज बारीक निघाला. मागं उभे होते त्यांना ऐकू गेलं न्हाई, तवा कडूबाईनं ओरडून विचारलं, "काय म्हणला?" अन् तुला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणलास.

लगेच सगळे माझ्या पाया पडायला आले असं समजू नको. सांजेला एकजण म्हणला, नातवानं आजीची लाज राखली, शिकल्याली माणसं तशीच असतेत. ग्यानबा माझ्याशी बोलायला लागलाय, पण मेंढरांपुरतं. बायका अजून बोरीला जातेत. कस्तुराबाई मला बघून पदर तोंडावर घेती. माझी चूक नव्हती हे त्यांना समजलं, पण एकदा मोडलेली वाट लगीच रुळत न्हाई.

तू मात्र नव्या पत्रकातलं ते मेंढपाळाचं भाग्य काढून टाकलंस, ते लय चांगलं केलंस.

भिवराबाई


आयोवा, अमेरिका
१५ नोव्हेंबर १९५९

आजीला दंडवत.

पोचून दोन महिने झाले. इकडे चहूकडे मका आहे. जेवायलाही मका देतात, पण कोवळा, लोणी लावून.

कविता शिकायला आलो नाही, हे तुला माहीतच आहे. त्या अर्जावर पुन्हा कुणी नजर टाकली नाही. पण इथल्या शेतकी कॉलेजात यंत्रांची, औषधांची माहिती कशी लिहावी याचा एक वर्गच असतो. आपली पत्रकं बघून त्यांनी एका वर्षासाठी बोलावलं. मी शिकतो आणि थोडं शिकवतोही. पहिल्याच तासाला मी मुलांना उभं करतो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकता ऐकता करायचं. मुलं आधी हसतात, मग कुणीतरी पाणी सांडतं आणि हसणं थांबतं.

उरलेल्या वेळात ग्रंथालयात बसून कविता वाचतो. इतकी पुस्तकं आहेत की एका वर्षात होणार नाहीत. परतल्यावर दोन्ही शिकवायला मागणार आहे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी लिहिलं आहे, हे कुठल्या खात्यात बसतं ते बघू. काही लोक मला आतापासून पत्रकवाला प्रोफेसर म्हणतात. पूर्वी राग आला असता.

एक विचारायचं आहे. बायका तुझ्याकडे यायला लागल्या का? मागच्या सगळ्या पत्रांत तू मेंढ्यांचं लिहिलंस, ते लिहिलं नाहीस.

मुंजाजी


मु. वाडी, पोस्ट बोरी
माघ, सन १९६०

मुंजाजीस सांगणं की निळं पत्र पोचलं. हे कारड न्हाई, चिकटवलेलं हाय, म्हणून पोस्टमनचा जीव खालवर झाला. दोन दिवस उन्हाला धरून बघत होता. मी म्हणलं, मका खायलाय, बस झालं का समाधान?

कोवळा मका लोणी लावून खाणं हे मला पटलं. बाकी अमेरिकेबद्दल माझं मत तेच हाय. पत्रकवाला म्हणतेत तर म्हणू दे. तुझ्या आज्याला लोकं ओवीवाला म्हणायचे तवा मला त्याच्या संगं चालायची लाज वाटायची, तेवढी ह्यात वाटत न्हाई.

बायकांचं विचारलंस. लिवलं न्हाई, कारण लिवण्यासारखं नव्हतं. तू वाचून गेल्याला दोन पावसाळे झाले, एक बी कागद आला न्हाई. मी बी कुणाच्या दारात गेले न्हाई.

परवा ग्यानबाची बायको, माझी सून धुरपता आली. एका घरात राहतो आमी, आली म्हंजे माझ्या बाजूला आली. लगीन होऊन आल्यापासून ह्या बाईनं मला कवा कागद दावला न्हाई. तिचं माहेर पाथरीचं, तिकडून काय आलं तर ग्यानबाच बोरीला नेऊन वाचून आणायचा अन् त्याला वाटंल तेवढं तिला सांगायचा. परवा तो रानात होता अन् कागद तिच्याच हातात पडला. दार लोटून घेतलं अन् पदरातून काढून माझ्या म्होरं ठिवला. म्हणली, "मामी, वरून खालपर्यंत वाचा."

मी आधी अख्खा मनातल्या मनात वाचला. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी. म्हणली, "वाईट हाय का?" मी म्हणलं, बस आधी. ती बसली. मग मी वाचला, सावकाश, दोनदा.

तिनं कागदाची घडी केली अन् चुलीत घातली. मी घालू दिली.

सांजेला जेवताना ग्यानबानं विचारलं, "पाथरीचा कागद आला म्हणं, काय हाय त्यात?" धुरपता भाकर थापीत राहिली. मी म्हणलं, मीठ वाढ.

भिवराबाई